जुना डीयूआय आणि ‘पब्लिक ट्रस्ट’ची नोकरी : वाचकांचे प्रश्न

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल (अमेरिकेत या अपराधाला राज्यागणिक ‘डीयूआय’ किंवा ‘डीडब्ल्यूआय’ म्हणतात) पूर्वी झालेली शिक्षा अमेरिकेच्या फेडरल सरकारमधील नोकरीच्या आड येते का, असे विचारणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. ज्यांच्यावर खटला अजून चालू आहे त्यांनी कोणताही फॉर्म भरण्याआधी वकिलांना भेटावे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो आणि अमेरिकेचा नागरिक आहे. चार वर्षांपूर्वी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एका लग्नाच्या रिसेप्शनहून घरी येताना पोलिसांनी मला अडवले, अटक करून ठाण्यावर नेले आणि तेथील श्वासचाचणीत ०.०९ टक्के अल्कोहोल आढळले. म्युनिसिपल कोर्टात मी डीडब्ल्यूआयचा आरोप मान्य केला, २५० डॉलर दंड भरला आणि कोर्टाने सांगितलेला दारूविषयक शिक्षणवर्गही पूर्ण केला. आता एका कंत्राटदार कंपनीमार्फत फेडरल आरोग्य खात्यात डेटा अॅनालिस्टचे काम मिळत आहे आणि कंपनीने ‘पब्लिक ट्रस्ट’ पदांच्या पार्श्वभूमी तपासणीचा एसएफ-८५पी हा फॉर्म भरायला सांगितले आहे. त्या वेळी वकील म्हणाले होते की न्यू जर्सीत हा वाहतुकीचा मामला आहे, गुन्हा नव्हे. मंडळातले मित्र म्हणतात की दंड ३०० डॉलरच्या आत आहे, त्यामुळे लिहायची गरजच नाही. लिहिले तर नोकरी जाईल का?

उत्तर : आपल्या वकिलांचे म्हणणे बरोबर आहे. मित्रांचे निम्मे बरोबर आहे, आणि अडचण नेमकी उरलेल्या निम्म्यात आहे. आपण ही घटना फॉर्ममध्ये लिहावी. आपण सांगितलेला तपशील खरा आणि पूर्ण असेल, तर केवळ या एका घटनेमुळे हे काम हातचे जाण्याची शक्यता कमी आहे.

आपल्या लोकांत ‘पब्लिक ट्रस्ट’ आणि ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. क्लिअरन्स हा गोपनीय माहिती पाहण्याचा परवाना असतो आणि त्यासाठी एसएफ-८६ हा वेगळा, बराच लांबलचक फॉर्म भरावा लागतो. पब्लिक ट्रस्टच्या जागेवर गोपनीय माहितीशी संबंध येतोच असे नाही. मात्र तेथे धोरण ठरवणे, सार्वजनिक आरोग्य आणि सुरक्षितता, कायद्याची अंमलबजावणी, सरकारी पैसा किंवा आर्थिक नोंदी अशा गोष्टी माणसाच्या हाती येतात आणि त्याने गैरवापर केला तर मोठे नुकसान होऊ शकते. फेडरल नियमांत प्रत्येक पदाला कमी, मध्यम किंवा जास्त जोखमीचे ठरवले जाते, आणि त्यांतील मध्यम व जास्त जोखमीची पदे पब्लिक ट्रस्टमध्ये मोडतात. लाखो नागरिकांच्या आरोग्यविषयक नोंदी ज्याला पाहता येतात, तो डेटा अॅनालिस्ट या वर्गात का येतो हे यावरून लक्षात येईल.

आता प्रश्न न्यू जर्सीचा. तेथे डीडब्ल्यूआय हा मोटार वाहन कायद्याखालील अपराध आहे आणि राज्याच्या फौजदारी संहितेत तो गुन्हा म्हणून मोडत नाही, ही गोष्ट खरी आहे. तो फौजदारी गुन्हा नसल्यामुळे तेथे त्याचे रेकॉर्ड पुसून टाकण्याचीही सोय नाही. म्हणजे जी गोष्ट सुरुवातीला फायद्याची वाटते तीच पुढे गैरसोयीची ठरते. विस्कॉन्सिनमध्येही पहिल्या वेळचा असा अपराध दिवाणी स्वरूपाचा धरला जातो. परंतु फेडरल फॉर्म भरणारा माणूस पन्नासपैकी कोणत्याही राज्यातून येऊ शकतो, त्यामुळे फॉर्ममधले प्रश्न एखाद्या राज्याने त्या कृत्याला काय नाव दिले आहे यावर अवलंबून ठेवलेले नाहीत.

एसएफ-८५पीमधील पोलीस रेकॉर्डचा भाग नीट वाचा. गेल्या सात वर्षांत आपल्यावर समन्स किंवा तिकीट बजावले गेले का, आपल्याला कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने अटक केली का, आपल्यावर आरोप ठेवला गेला का किंवा शिक्षा झाली का, असे वेगवेगळे प्रश्न तेथे आहेत. ३०० डॉलरपेक्षा कमी दंडाची वाहतुकीची तिकिटे लिहू नयेत, ही सवलत तेथे खरोखरच आहे आणि आपल्या मित्रांनी बहुधा तेवढेच वाचले असावे. त्याच वाक्यात पुढे अट आहे की त्या प्रकरणाचा दारूशी किंवा अमली पदार्थांशी संबंध नसावा. आपले प्रकरण त्या अटीवर अडते. आणि ती सवलत बाजूला ठेवली तरी अटकेचा प्रश्न उरतोच. आपल्याला रस्त्यावरून ठाण्यावर नेले ती अटक होती आणि आपणही पत्रात तोच शब्द वापरला आहे. त्यामुळे ‘अटक झाली होती का’ या प्रश्नाचे ‘नाही’ हे उत्तर कोणत्याही अर्थाने खरे ठरणार नाही.

यानंतर निर्णय कसा होतो ते पाहू. फेडरल नोकरीसाठी माणूस योग्य आहे का, हे ठरवण्याचे निकष फेडरल नियमावलीच्या भाग ७३१ मध्ये दिलेले आहेत. पूर्वीच्या नोकरीतील गैरवर्तन, गुन्हेगारी वर्तन, अप्रामाणिकपणा, भरतीच्या कागदपत्रांत जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती, अमली पदार्थांचा वापर, आणि दारूचा अतिरेक हे त्यांत आहेत. दारूविषयीच्या निकषाची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. सुधारणेचा पुरावा नसलेला, आणि ज्याच्या स्वरूपावरून व कालावधीवरून माणूस त्या पदाचे काम करू शकणार नाही किंवा इतरांच्या जिवाला व मालमत्तेला थेट धोका निर्माण करील असे वाटते, असा अतिरेक त्या निकषात बसतो. रिसेप्शनला दोन पेले जास्त झाल्यानंतर केलेली एक गंभीर चूक आणि वर्षानुवर्षांचे व्यसन यांत हा नियम फरक करतो, आणि तो योग्यच आहे, असे मला वाटते.

त्यासोबत अधिकाऱ्याने आणखी काही बाबींचा विचार करायचा असतो : पदाचे स्वरूप, वर्तनाचे गांभीर्य, त्या वेळची परिस्थिती, घटनेला किती काळ लोटला, त्या वेळी माणसाचे वय काय होते, त्यात सामाजिक परिस्थितीचा वाटा किती होता, आणि सुधारणेसाठी त्याने काय केले. आपले प्रकरण या कसोट्यांवर ठेवून पाहू. घटना एकच आहे आणि चार वर्षांपूर्वीची आहे. आपण अपघाताचा किंवा कोणी जखमी झाल्याचा उल्लेख केलेला नाही. न्यू जर्सीत ०.०८ ही मर्यादा असल्यामुळे ०.०९ हे प्रमाण मर्यादेच्या थोडेच वर आहे. कोर्टाचा आदेश आपण पाळला आहे. आणि आपले काम आकडेवारीचे आहे. हेच पद सरकारी वाहन चालवण्याचे असते, तर पहिल्याच कसोटीवर चित्र पालटले असते. एवढ्यावरून निकाल आपल्या बाजूने लागेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही, पण आशा धरण्यास भरपूर जागा आहे.

ज्यांच्यासमोर खरी अडचण उभी राहते त्यांची प्रकरणे बहुधा निराळी असतात. दोन-तीन घटना थोड्याथोड्या अंतराने घडलेल्या असतात. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीत काढायचा काळ) अजून चालू असते. लायसन्स निलंबित असतानाही गाडी चालवलेली असते. किंवा कोर्टाच्या तारखेला हजर न राहिल्यामुळे वॉरंट निघालेले असते आणि ते निघाले आहे हे अर्जदाराच्या गावीही नसते. शेवटच्या प्रकारात दारूपेक्षा कोर्टाच्या आदेशाकडे केलेले दुर्लक्ष अधिक नडते. न्यू जर्सीत डीडब्ल्यूआयच्या दंडाखेरीज तीन वर्षे दरवर्षी १,००० डॉलरचा सरचार्ज भरावा लागतो, आणि पत्ता बदललेल्या माणसाकडून त्यातला एखादा हप्ता राहून जाऊ शकतो. आपले तीनही हप्ते भरले गेले आहेत याची पावती आजच शोधून ठेवा.

आता फॉर्म प्रत्यक्ष भरण्याविषयी. स्मरणावर विसंबून तारखा लिहू नका. ज्या म्युनिसिपल कोर्टात प्रकरण चालले तेथून निकालाची प्रमाणित प्रत मागवा आणि घटनेची तारीख, आरोपाचे कलम, कोर्टाचे नाव व निकाल हे सारे त्या प्रतीवरून उतरवा. वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि दंडाच्या पावत्या जवळ ठेवा. फॉर्मसोबत त्या मागितल्या जातीलच असे नाही, पण तपास अधिकारी मुलाखतीला बोलावतो तेव्हा त्यांचा उपयोग होतो. खुलाशाच्या रकान्यात चार-पाच वाक्ये पुरेत. ‘अमुक तारखेला एका समारंभाहून परतताना मला थांबवण्यात आले. श्वासचाचणीत ०.०९ टक्के आढळले. मी कोर्टात आरोप मान्य केला, दंड भरला आणि अमुक तारखेला कार्यक्रम पूर्ण केला. त्यानंतर अशी घटना घडलेली नाही’ इतके लिहिले की काम झाले. यजमानांनी आग्रह केला, पोलीस उद्धट होता, यंत्र बिघडलेले होते, असे तेथे लिहू नये. ते खरे असले तरी वाचणाऱ्याला त्यातून एवढेच दिसते की अर्जदार अजूनही दुसऱ्याकडे बोट दाखवत आहे.

न लिहिण्याचे परिणाम काय, तेही आपण विचारले नसले तरी सांगतो. यातील बहुतेक तपासण्या संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील डीसीएसए ही संस्था करते, आणि त्यात बोटांच्या ठशांवरून एफबीआयकडील नोंदी तसेच इतर सरकारी नोंदी पाहिल्या जातात. आपण लपवलेली अटक तेथे दिसली तर चार वर्षांपूर्वीच्या दारूचा विषय मागे पडतो आणि या महिन्यात सही करून दिलेल्या खोट्या उत्तराचा विषय पुढे येतो. जाणूनबुजून दिलेली महत्त्वाची खोटी माहिती हा भाग ७३१ मधील स्वतंत्र निकष आहे. फेडरल नोकरीचा उमेदवार त्यावरून अपात्र ठरला तर त्याच्यावर तीन वर्षांपर्यंत नोकरबंदी येऊ शकते. शिवाय अशी माहिती देणे हा फेडरल कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्युनिसिपल कोर्टात २५० डॉलरवर मिटलेल्या प्रकरणासाठी एवढी जोखीम घेण्यात काहीही शहाणपण नाही.

आपण कंत्राटदारामार्फत जात आहात, याचा एक परिणाम जाणून असावे. तपासाचा फॉर्म तोच असला तरी आपल्याबाबतचा निर्णय संबंधित खाते घेते, आणि तो प्रतिकूल गेला तर फेडरल कर्मचाऱ्याला दाद मागण्याचे जे मार्ग असतात ते कंत्राटी माणसाला बहुधा नसतात. म्हणून फॉर्म पहिल्याच खेपेस नीट जाणे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. दुसरी गोष्ट अशी की २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या ‘फेअर चान्स’ कायद्यामुळे फेडरल खात्यांना आणि त्यांच्या कंत्राटदारांना, काही अपवाद वगळता, नोकरीचा सशर्त देकार देण्यापूर्वी उमेदवाराच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाची विचारणा करता येत नाही. म्हणजे हा फॉर्म आपल्या हाती आला तो आपली निवड झाल्यानंतर आला आहे. आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा. पुढे कधी क्लिअरन्सच्या पदासाठी एसएफ-८६ भरण्याची वेळ आली, तर तेथे दारूशी संबंधित आरोपाविषयीच्या प्रश्नाला सात वर्षांची मर्यादा नाही, ‘कधीही’ असा शब्द आहे, आणि त्या वेळची उत्तरे आजच्या उत्तरांशी जुळली पाहिजेत.

प्रश्न : माझ्या मुलीला कॅलिफोर्नियात कॉलेजच्या शेवटच्या वर्षी डीयूआय झाला होता. त्याला पाच वर्षे झाली. प्रोबेशन संपल्यावर वकिलांनी कोर्टातून ते ‘एक्स्पंज’ करून घेतले आणि आता हे प्रकरण कायमचे मिटले असे सांगितले. तिला एका फेडरल खात्यात पब्लिक ट्रस्टची जागा मिळते आहे. मी तिचा फॉर्म भरून देते आहे. रेकॉर्डच उरले नसेल तर ‘नाही’ लिहायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. वकिलांनी करून घेतले ते काम उपयोगाचे आहे, पण त्याचा अर्थ आपण समजता तितका व्यापक नाही.

कॅलिफोर्नियात ज्याला लोक एक्स्पंज म्हणतात ती बहुधा दंड संहितेच्या कलम १२०३.४ खालील सवलत असते. कोर्ट दोषसिद्धी मागे घेऊ देते आणि खटला काढून टाकते. कागद फाडले जात नाहीत. खटला होता आणि नंतर तो काढून टाकला गेला, अशी नोंद राहते. शिवाय सार्वजनिक पदाच्या किंवा राज्याच्या परवान्याच्या अर्जात थेट प्रश्न विचारला गेला तर ही दोषसिद्धी सांगावीच लागेल, असे त्या कलमातच म्हटले आहे. खासगी कंपनीत नोकरी मागताना या सवलतीचा मोठा आधार मिळतो. सरकारी फॉर्मपुढे तो आधार बराच तोकडा पडतो.

येथे दोन फॉर्म एकापाठोपाठ समोर येतात आणि दोघांचे नियम जुळत नाहीत, त्यामुळे चांगली शिकलेली माणसेही गोंधळतात. पहिला ओएफ-३०६, म्हणजे फेडरल नोकरीसाठी द्यायचे प्रतिज्ञापत्र. त्यात गेल्या सात वर्षांतील शिक्षा, कैद, प्रोबेशन आणि पॅरोल यांविषयी विचारतात, आणि राज्याच्या किंवा फेडरल कायद्यानुसार ज्याचे रेकॉर्ड एक्स्पंज झाले आहे अशी दोषसिद्धी वगळण्याची मुभा देतात. दुसरा एसएफ-८५पी. त्यातील पोलीस रेकॉर्डच्या भागात नेमकी उलट सूचना आहे : रेकॉर्ड सीलबंद झाले असो, एक्स्पंज झाले असो वा आरोप काढून टाकला गेला असो, माहिती द्यायची आहे. पहिल्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिले म्हणून दुसऱ्यावरही तेच उतरवले, असे झाले तर प्रामाणिक माणूसही खोटे बोलणारा ठरतो.

आपल्या मुलीने एसएफ-८५पीवर घटना लिहावी आणि कलम १२०३.४ खालील आदेशाची प्रत जवळ ठेवावी. ओएफ-३०६ बाबत, ही सवलत त्यातील ‘एक्स्पंज’ या शब्दात बसते की नाही यावर वकिलांत दुमत होऊ शकते. माझा कल तेथेही ‘होय’ लिहून खाली एका वाक्यात आदेशाचा उल्लेख करण्याकडे आहे. त्याने तिचे काही बिघडत नाही, आणि दोन्ही फॉर्म एकाच टेबलावर शेजारी ठेवले गेले तरी कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

हीच काळजी इतर राज्यांतील वाचकांनीही घ्यावी. मेरीलँडमध्ये ‘प्रोबेशन बिफोर जजमेंट’ मिळाले की राज्याच्या कायद्यानुसार ती दोषसिद्धी धरली जात नाही. पण ओएफ-३०६ प्रोबेशनबद्दलही विचारतो आणि एसएफ-८५पी आरोपाबद्दल विचारतो. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदाच सापडलेल्यांना ‘एआरडी’ कार्यक्रमातून जाऊन खटला टाळता येतो, तेथेही आरोप ठेवला गेला ही वस्तुस्थिती राहतेच. ‘शिक्षा झाली का’ एवढाच प्रश्न असेल असे गृहीत धरून चालू नये. आता या फॉर्मच्या जागी एक नवी एकत्रित प्रश्नावली टप्प्याटप्प्याने आणली जात आहे, त्यामुळे ज्या दिवशी भराल त्या दिवशी पडद्यावर दिसणारा प्रश्न शब्दशः वाचावा. कोणी पाठवलेल्या जुन्या फॉर्मच्या आधारे उत्तरे तयार करू नयेत.

आणि ताई, एक गोष्ट स्पष्टच सांगतो. फॉर्म मुलीने स्वतः भरावा. त्यावर सही तिची असणार आहे, तपास अधिकारी तिला भेटणार आहे, आणि ‘हे आईने लिहिले होते, मी वाचले नव्हते’ हे उत्तर त्या खोलीत फार वाईट दिसते. आपण कागद शोधून द्या, तारखा पडताळून द्या; आपले काम तेथे संपते. तिला एफबीआयकडे आपल्या नावावर काय नोंद आहे ते आधी पाहायचे असेल तर १८ डॉलर शुल्क आणि बोटांचे ठसे देऊन ती स्वतःची नोंद मागवू शकते. खटला काढून टाकल्याची माहिती तेथे पोहोचलेलीच नाही आणि अटकेची नोंद मात्र आहे, असे आढळले तर ते फॉर्म पाठवण्याआधी कळलेले बरे.

प्रश्न : माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. तीन वर्षांपूर्वी एक आणि गेल्या वर्षी दुसरा, असे दोन डीयूआय माझ्या नावावर आहेत. पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करून मग फेडरल नोकरी शोधावी असा विचार आहे. कशापासून सुरुवात करावी?

उत्तर : सध्या दोन्ही अर्ज थांबवून इमिग्रेशनच्या वकिलांकडून सुरुवात करावी.

फेडरल सिव्हिल सर्व्हिसमधील जागा सर्वसाधारणपणे अमेरिकन नागरिकांसाठी असतात, त्यामुळे आपला रस्ता नागरिकत्वावरून जातो, आणि अडसर तेथेच आहे. नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीच्या ठरावीक काळात, बहुतेकांच्या बाबतीत पाच वर्षांत, ‘चांगले नैतिक चारित्र्य’ दाखवावे लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये अॅटर्नी जनरलनी कास्तियो-पेरेझ प्रकरणात असा निर्णय दिला की त्या काळात दोन किंवा अधिक डीयूआयच्या शिक्षा झाल्या असतील तर अर्जदाराचे चारित्र्य चांगले नाही असे गृहीत धरले जाईल. हे गृहीतक खोडून काढता येते, पण ते खोडून काढण्याचे ओझे अर्जदारावर असते आणि केवळ उपचार घेतले, दारू सोडली असे सांगून ते सहज उतरत नाही. आपल्या दोन्ही घटना या पाच वर्षांत बसतात. पुढच्या वर्षी अर्ज करून नकार पदरात घेण्यापेक्षा काही वर्षे जाऊ देणे आपल्या हिताचे ठरू शकते. नेमकी तारीख वकिलांनी शिक्षेचे कागद पाहून ठरवावी.

पब्लिक ट्रस्टच्या दृष्टीनेही एक घटना आणि दोन घटना यांत मोठे अंतर आहे. पहिल्या शिक्षेनंतर दोनच वर्षांत दुसरी घटना घडली, यावरून पहिल्या शिक्षेचा परिणाम झाला नाही असे तपासणारा म्हणणार. त्याला उत्तर देणारी गोष्ट एकच असते : मधल्या काळातील वर्तन, आणि तेही कागदावर दिसणारे. दारूच्या सवयीचे तज्ज्ञाकडून मूल्यमापन करून घेतले का, सुचवलेले उपचार पूर्ण केले का, इंटरलॉकच्या, म्हणजे फुंकून मगच गाडी सुरू होणाऱ्या यंत्राच्या, नोंदी स्वच्छ आहेत का, हे सारे आजपासून जमा होऊ शकते. नोकरीसाठी अर्ज करण्याच्या महिन्यात जमवलेली प्रमाणपत्रे त्या तुलनेत हलकी पडतात.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या वाचकांसाठी थोडे विषयांतर : केवळ अटकेच्या कारणावरून, शिक्षा होण्याची वाट न पाहता, परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते आणि २०१५ पासून हे धोरण राबवले जात आहे. अशा वेळी वकिलांशी बोलल्याशिवाय भारतात जाण्याचे तिकीट काढू नये, कारण परत येण्यासाठी नव्याने व्हिसा घ्यावा लागतो.

प्रश्न : मी पाच वर्षांपासून एका फेडरल खात्यात मध्यम जोखमीच्या पब्लिक ट्रस्ट पदावर आहे. गेल्या शनिवारी रात्री मला डीयूआयखाली अटक झाली. कोर्टाची तारीख अजून लागायची आहे. निकाल लागेपर्यंत कार्यालयात काही बोलू नये असे भावाचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : आधी फौजदारी वकील गाठा, आणि तोही याच आठवड्यात. त्यानंतर आपल्या खात्याचे अटकेविषयीचे नियम काढून वाचा. किती दिवसांत कळवायचे आणि कोणाला कळवायचे हे खात्यागणिक बदलते. कुठे ते वरिष्ठांना सांगायचे असते, कुठे थेट सुरक्षा कार्यालयाला. निकाल लागेपर्यंत थांबण्याचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी तो जुन्या पद्धतीवर बेतलेला आहे. पूर्वी काही वर्षांच्या अंतराने फेरतपासणी होत असे आणि मधल्या घटना तोपर्यंत दडून राहू शकत. आता पब्लिक ट्रस्ट पदांसाठीही सतत पडताळणीची पद्धत लागू होत आहे, तीत अटकेची नोंद आपोआप खात्यापर्यंत पोहोचू शकते. आपल्याआधी ती नोंद सुरक्षा कार्यालयात पोहोचली तर पुढचे संभाषण फार अवघड होईल.

कळवताना मात्र मोजके लिहावे. अटकेची तारीख, ठिकाण, आरोपाचे नाव आणि कोर्टाची तारीख लागताच कळवीन असे आश्वासन, इतके पुरते. किती प्यायलो, कोणाबरोबर होतो, चाचणी दिली की नाकारली, हा तपशील खटल्यात आपल्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो, म्हणून मसुदा वकिलांना दाखवूनच पाठवावा. मसुदा ईमेलनेच पाठवावा, तोंडी सांगून सोडू नये, आणि पोच मिळाली की ती घरच्या फाइलमध्ये छापून ठेवावी. पदाच्या कामात सरकारी गाडी चालवणे येत असेल तर लायसन्स निलंबित झाल्याचे त्याच दिवशी सांगावे. तेथे एक दिवसाचाही उशीर करू नये.